सात पाण्यांचा काळा

इरा आणि निहार,

रविवारी फोनवर तुम्ही मला तुमच्या खेळातल्या बंदुका दाखवल्यात. एक वाळूच्या रंगाची, एक जांभळी, एक सोन्याचा मुलामा दिलेली. ‘आजी, तुला कुठली आवडेल?’ असं निहारने विचारलं. मी काही बोलण्याआधीच तुमचे बाबा मागून हसत म्हणाले, ‘आजोबांची बंदूकही चकचकीत होती, पण एका गावठी मिस्त्रीने ती घासून बिघडवली.’ त्यानंतर फोन बंद झाला तो रेंज गेली म्हणून नव्हे. मी ठेवला. मला राग आला होता, आणि चार दिवस झाले तरी तो उतरलेला नाही. म्हणून लिहिते आहे. त्या मिस्त्रीला नाव होतं, केवळराम, आणि त्याने ती बंदूक बिघडवली नव्हती.

कुरखेड्याच्या रस्त्याला, मी शिकवत होते त्या शाळेच्या पुढे, केवळभाऊंचं दुकान होतं. धानाच्या बांधीत रानडुकरं शिरतात म्हणून आमच्याकडे काही शेतकऱ्यांजवळ परवान्याच्या बंदुका असत. त्या दुरुस्त करायचा परवाना आसपास फक्त केवळभाऊंकडे होता. बंदूक हातात आली की घोडा चालतो की नाही हे ते नंतर पाहत. आधी नळी उन्हात तिरपी धरून तिचा रंग बघत, मग मालकाच्या तोंडाकडे बघत, जणू त्या रंगाचा जाब विचारायचा आहे.

शाळा सुटल्यावर मी तिथे थांबत असे. एकदा एक तेंदूपत्त्याचा ठेकेदार आला होता.

‘मिस्त्री, चांदीसारखी करून दे.’

‘डुकराले दाखवाची हाये का पावन्याले?’

‘लग्नात फोटो काढाचा हाये ना भाऊ.’

‘मंग नवरदेवालेच पॉलिश करा ना जी. बंदुकीनं काय पाप केलं?’

ठेकेदार चिडून निघून गेला. केवळभाऊ मला म्हणाले, ‘ज्याले नेम नाई, बाई, त्याले चमक पायजे.’

त्यांचा स्वतःचा रंग एकच. नळीवरचं तेल राखेने काढायचं, मिठाच्या पाण्याचा हात फिरवायचा आणि ती ओलसर झोपडीत टांगून ठेवायची. दोन दिवसांत तिच्यावर बारीक तांबूस गंज येई. मग हिरड्याच्या काढ्यात उकळली की तोच गंज काळा पडे. फडक्याने घासायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असं सात वेळा. शेवटी जो काळा येई तो पिकलेल्या जांभळासारखा, चमक नसलेला पण खोल. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल, तेही तळहाताने चोळून. वार्निश मागणाऱ्याला ते विचारत, ‘लाकडाले रेनकोट काऊन घालून राह्यला?’ मी कॉलेजात रसायनशास्त्र इंग्रजीतून शिकले होते. हिरड्यात टॅनिन असतं, हे मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, ‘असन. मी तं त्याले सबूर म्हणतो.’

तुमच्या आई-बाबांच्या लग्नाआधी तुमच्या आजोबांनाही चांदीसारखी बंदूक हवी झाली. लेकीच्या लग्नाचं वऱ्हाड दारात येणार, हातात काळी बंदूक कशी शोभणार! केवळभाऊंनी नाही म्हटलं. आजोबांनी ती जीपच्या ड्रायव्हरबरोबर नागपूरला, भांड्यांना मुलामा देणाऱ्या एका कारखान्यात पाठवली. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती बंदूक पाठवणं हाच गुन्हा होता, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. बंदूक आरशासारखी होऊन आली. फोटो छान आले. त्यातलाच एक तुमच्या दिवाणखान्यात आहे ना, तो.

पुढे निवडणूक लागली आणि नेहमीप्रमाणे परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. मी आजोबांबरोबर गेले होते. हवालदाराने परवान्याचं पुस्तक उघडलं, नळीवर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

‘नंबर कुठी आहे, साहेब?’

मशीनवर घासताना नंबर निघून गेला होता. बंदुकीचा नंबर पुसणं म्हणजे तुरुंग. आजोबा म्हणाले, ‘केवळराम मिस्त्रीनं घासली.’

केवळभाऊंना बोलावून आणलं. हाताला हिरड्याचे डाग तसेच. त्यांनी बंदूक उन्हात तिरपी धरली.

‘हे माह्यं काम नाई जी. मी बंदुकीचा आरसा नाई बनवत.’ मग माझ्याकडे वळले. ‘बाई, तुमाले तं माईत हाये. सांगा ना यायले.’

मी म्हणाले, ‘मी शाळेत असते. मला यातलं काही कळत नाही.’

हवालदाराने आजोबांचा जबाब लिहिला. साक्षीदार म्हणून मी सही केली. इंग्रजीत, वळणदार. वर्गातल्या पोरांना ‘ऑनेस्टी’वर निबंध लिहायला देणारी मीच ती.

आजोबांना समज देऊन सोडलं. बंदुकीवर नवा नंबर ठोकून मिळाला. केवळभाऊ तुरुंगात गेले नाहीत, पण त्यांच्या परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. त्यानंतर ते कुऱ्हाडींना दांडे बसवत असत. बंदूक म्हणून पुन्हा हातात आली नाही. आजोबा मात्र पाहुण्यांना तीच गोष्ट इतक्यांदा सांगत राहिले की शेवटी त्यांनाही ती खरी वाटू लागली असावी. तुमच्या बाबांनी ती तिथूनच घेतली.

वर्षभराने मी दुकानात गेले. माफी मागायची होती, पण तोंडातून आलं, ‘कसे आहात?’

ते दांडा तासतच राहिले. म्हणाले, ‘बाई, साहेबाचं मी समजू शकतो. त्यायले जेल दिसून राह्यली होती. तुमी तं शिकलेल्या. मले वाटलं, शिकलेला माणूस खोटं बोलाच्या आधी जराक इचार करते.’

मी परत गेले नाही. पुढे ते वारले, त्याचीही बातमी मला बाजारात कळली.

तुमच्या आजोबांवर माझा राग आहे. त्यांच्याशी चांगला संसार केला तरी आहे. पण ते नसताना सगळा राग त्यांच्यावर काढणं सोपं आहे, आणि सोपं तेवढं मी एकदा करून बसले आहे. आजोबा गेल्यावर ठाण्यात जाऊन खरी हकीकत लेखी दिली. तिथल्या तरुण साहेबांनी अर्ज वाचला, मला चहा दिला आणि म्हणाले, ‘मॅडम, दोघंही हयात नाहीत. आता यात बदल होत नसतो.’ हेच मी केवळभाऊ जिवंत असताना, आजोबांच्या समोर करायचं होतं.

निहार, तुला उत्तर हवं होतं. मला काळी आवडते. आणि तुमच्या बाबांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा.

बंदूक सरकारजमा झाली. दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तो जबाब मात्र ठाण्याच्या कपाटात अजून आहे. त्यात केवळरामचं नाव आहे, आणि खाली माझी सही.