पाय उचलला की थांबते

आमच्या ह्यांना शोरूममध्ये सगळे डेमोकाका म्हणतात. गाडी विकायची दुसऱ्यांनी, कमिशन खायचं तेही दुसऱ्यांनी. ह्यांचं काम एवढंच, की आधी एक फेरी स्वतः चालवून दाखवायची, मग गिऱ्हाइकाच्या हातात गाडी देऊन आपण शेजारी बसायचं आणि बोलायचं. घरात ज्या माणसाच्या तोंडून 'मीठ कमी आहे' एवढंही निघत नाही, तो तिथं दिवसभर पोपटासारखा बोलतो. हे मला लग्नाला कैक वर्षं झाल्यावर कळलं, एकदा ते आरशासमोर सराव करताना सापडले तेव्हा.

गाडी विजेवरची. दिसायला आटोपशीर, गल्लीबोळात वळेल एवढी, पण आत सगळा थाट. डोक्यावर काचेचं छत. उन्हाळ्यात पाठ गार करणारी आणि थंडीत शेकून काढणारी सीट, वर पाठ चेपून द्यायची सोय. मोटारी दोन, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. उभ्या जागेवरून शंभरच्या वेगाला जायला सहा सेकंदही लागत नाहीत, आणि आवाज म्हणाल तर नाहीच. हे सगळं मला पाठ आहे. मी मशीनवर लोकांचे पडदे शिवत असते आणि हे आतल्या खोलीत घोकत असतात, कानावर पडणारच. त्यातलं त्यांचं लाडकं वाक्य होतं, "ब्रेक विसरून जा, मॅडम. पाय उचलला की थांबते." म्हणजे वेगाचं पेडल सोडलं की गाडी स्वतःच आवरतं घेते आणि उभी राहते. शिवाय थांबता थांबता थोडी वीज परत बॅटरीत भरून घेते. एका पेडलवर सगळा कारभार.

घरची गाडी मात्र जुनी, पेट्रोलची, क्लच दाबून दाबून पाय मोडणारी. पडदे पोचवायला मी ती चालवायचे. आता नाही चालवत.

आमच्या घरासमोरचा रस्ता फाटकाशी उतरता आहे. त्या संध्याकाळी हे ती जुनी गाडी घेऊन कामावरून आले आणि मी नेहमीसारखी फाटक उघडायला गेले. कडी अडकली होती, म्हणून रस्त्याकडे पाठ करून ओढत होते. गाडी रोज माझ्या मागे थोडं अंतर ठेवून थांबते. त्या दिवशी थांबली नाही. हळूच आली, चोरपावलांनी यावं तशी. जोरात आली असती तर निदान आवाजानं मी बाजूला झाले असते. डावा गुडघा बंपर आणि फाटक यांच्यामध्ये सापडला.

ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली, हातात काठी आली. गुडघ्याखाली हात लावला तर दुसऱ्या कुणाचा पाय वाटतो. संवेदना हळूहळू परत येईल, असं डॉक्टर म्हणतात. येईल तेव्हा येईल. खरं सांगू, पायाचं दुःखही होत नव्हतं मला. कशाचंच काही होत नव्हतं. सकाळ व्हायची, चहा व्हायचा, पडदे शिवून व्हायचे.

हे सगळ्यांना एकच सांगायचे, "ब्रेक लागला नाही." शेजाऱ्यांना तेच, डॉक्टरांना तेच. माझ्याशी तर तेवढंही नाही. औषध द्यायचे, धरून न्हाणीघरात न्यायचे, केसही विंचरून द्यायचे, पण मान कायम खाली. मग एके दिवशी गॅरेजवाला गाडी तपासून घेऊन आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, ब्रेक ठणठणीत आहेत. मी परत परत बघितलेत. उगाच माझ्या नावानं बोंब नको." किल्ली टेबलावर ठेवून तो निघून गेला.

माझी थोरली बहीण अपघाताच्या आधीपासूनच माझ्याकडे राहायला आली होती. समोर भाजी निवडत बसली होती. तिच्या जिभेला हाड नाही.

"ब्रेक चांगले, रस्ता रोजचा, बायको समोर," ती म्हणाली. "मग पाय कुठं होता त्यांचा? रागात होते ना?"

रागात असतील. अपघाताच्या दोनच दिवस आधी आमचं वाजलं होतं, तेही हिच्याच देखत. मी म्हणाले होते, "तुमचं काय, जन्मभर दुसऱ्याच्या गाडीत दुसऱ्याच्या शेजारी बसणार." लागावं म्हणूनच बोलले होते, आणि लागलं. ते ताटावरून उठले, हात धुतले, बस्स. तिथपासून फाटकापर्यंत आमच्यात एक शब्द नव्हता. माणूस तसा नाही, हे मला ठाऊक होतं. पण शंकेचा किडा एकदा डोक्यात शिरला की तो काही ठाऊक असलेलं ऐकत नाही. त्यांनी मला बघितलं होतं. मग ब्रेक का दाबला नाही? मला दुसरं काही नको होतं. माफी नको, सेवा नको. एवढं एक उत्तर हवं होतं, आणि ते त्यांच्याच तोंडून.

एकदा सरळ विचारलं. "लागला नाही," म्हणाले आणि कपडे वाळत घालायला गेले.

घरात हा माणूस बोलायचा नाही, हे मी तेव्हाच ओळखलं. तो बोलतो कुठं, तर शेजारच्या सीटवर. मी शोरूमला फोन लावला. गाडी चालवून बघायचीय म्हणाले, आणि डेमोकाकाच पाहिजेत असंही सांगितलं. 

"डोकं फिरलंय का तुझं?" बहीण म्हणाली.

"फिरलं असेल. टॅक्सी बोलाव," मी म्हणाले. डॉक्टरांनी क्लचची गाडी चालवायला मनाई केली होती. ह्या गाडीला क्लचच नाही, डाव्या पायानं नुसतं बसून राहायचं. तेवढं त्याला जमण्यासारखं होतं.

शोरूमची फरशी इतकी गुळगुळीत की काठी सरकत होती. दाराशी गाडी पुसणारी बाई डेमोच्या गाडीतली पायाखालची मॅट बदलत होती आणि आपल्याशीच बोलत होती. "चालवणाऱ्याची धड राहते, ही शेजारचीच फाटते. पुन्हा फाटली. बसल्या जागी काय नाचतात कोण जाणे." मी तिकडे लक्ष दिलं नाही. मॅनेजर मुलगी हसत पुढं आली. ती काही मला ओळखत नव्हती.

"काका हल्ली स्वतः चालवून दाखवत नाहीत," ती म्हणाली. "तुम्हालाच चालवावी लागेल. चालेल ना?"

चालेल म्हणाले. तेवढ्यात हे बाहेर आले, मला बघितलं, आणि चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दार उघडून धरलं. "या मॅडम," म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात शेवटी मॅडम झाले मी. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

त्यांनी माझी काठी मागे आडवी ठेवली, माझी सीट थोडी वर घेतली, पट्टा नीट लागला का ते बघितलं. मग शेजारी बसले आणि सुरू झाले. भिंतीपलीकडून ऐकलेलंच सगळं. छत झालं, सीट झाली, स्पीकर झाले. "अर्ध्या तासात जवळजवळ सगळी बॅटरी भरते, मॅडम, म्हणजे चहापाणी उरकेपर्यंत. चारी बाजूंना कॅमेरे आहेत. समोर माणूस आला आणि आपलं लक्ष नसलं, तर गाडी आपण होऊन ब्रेक लावते." हेही त्यांनी त्याच सुरात म्हटलं, रस्त्याकडे बघत. ह्या गाडीला मी दिसले असते, असं माझ्या मनात आलं. मीही रस्त्याकडेच बघत होते.

मोकळा रस्ता लागल्यावर पेडलवर जरा भार दिला, तर गाडी अशी सुटली की पाठ सीटला चिकटली. आवाज नाही, हिसका नाही. मला भीती वाटली. कितीतरी दिवसांत मला काहीतरी वाटलं.

"ब्रेकचं नाही सांगितलंत," मी म्हणाले.

"काय?"

"तुमचं लाडकं वाक्य."

त्यांनी समोर बोट दाखवलं. पुढं सिग्नल लाल झाला होता, एक टेम्पो उभा होता. "पाय उचला," एवढंच म्हणाले.

मी उचलला. गाडी सावकाश आवरत टेम्पोच्या मागे जाऊन उभी राहिली. पुढच्या सिग्नलला तेच केलं, वळणावर तेच. थोड्या वेळानं विचारही करावा लागेना. थांबायचं मनात आलं की पाय आपला वर. इतकी वर्षं ब्रेक दाबत आलेली मी, आणि एका दुपारीत माझ्या पायानं ब्रेकचं नावच टाकलं.

परतीच्या वाटेवर एक बाई बाबागाडी ढकलत अचानक रस्त्यात उतरली. मी दचकले. गाडी थांबली, बाई पलीकडे गेली. मग माझ्या लक्षात आलं, की मी ब्रेक दाबलाच नव्हता. समोर माणूस बघितला, लेकरू बघितलं, आणि पायाला सुचलं ते फक्त वर यायचं. ही आमची जुनी गाडी असती तर? मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

 मग ते बोलले, आणि त्यांचा तो शोरूमचा सूर गेला होता.

"मी पाय उचलला होता."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"तू दिसलीस, कडी ओढताना. मी पाय उचलला. वाटलं, थांबेल. दिवसभर हीच चालवली होती मी. आपल्या गाडीत बसलोय हे पायाला कळलंच नाही. कळलं तेव्हा तू खाली होतीस."

"मग हे सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? लोकांना ब्रेक विसरायला शिकवतो, आणि मीच विसरलो? कुणाला खरं वाटलं असतं? तुला वाटलं असतं?"

नसतं वाटलं. काल सांगितलं असतं तर नक्कीच नसतं वाटलं. मला त्यांचा राग आला, बहिणीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. मी खाली बघितलं.

नव्या मॅटमध्ये त्यांची टाच रुतली होती. पाऊल पुढं रेटून धरलेलं, जिथं ब्रेक असता अगदी त्या जागी. तिथं काहीच नव्हतं, नुसती मॅट. दाराशी कुरकुरणारी ती बाई मला तेव्हा आठवली.

"गाडी थांबलीय," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले.

पाय तसाच होता. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. लाकडासारखा ताठ लागला. तो सैल पडेपर्यंत मी गाडी हलवली नाही.