एक सीट बाकी

मी जीप चालवतो. शेलूबाजार ते मंगरूळपीर, मंगरूळपीर ते शेलूबाजार. आता तुमी म्हणान, अशा माणसाचं व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात काय काम? मी बी हेच म्हटलं होतं. पण मायी पोरगी कोणाचं ऐकते का? माह्यावरच गेली आहे.

तिनं पुण्याची चांगली नोकरी सोडली अन् एक गेम बनवाले घेतला. कशावर? तं काळीपिवळी जीपवर! मले वाटलं, पोट्टी मजाक करून राह्यली. पण तिचे फोनावर फोन येत. "बाबा, कांद्याचं पोतं टपावर टाकता का पायात? सासू-सुनेचं पटत नसलं तं मधात कोणाले बसवता?" मले भलतीच मजा येऊ लागली. मी सांगत गेलो, ते बनवत गेली. मोबाइलवर जीपचं चित्र दाखवलं होतं तिनं, पण गेम काही मी पाह्यला नव्हता.

गेम अर्धा झाला होता. पुरा कराले मागं एखादी कंपनी पाहिजे. हैदराबादच्या प्रदर्शनात अशा कंपन्यांचे लोक येते म्हणे. त्यायच्यातल्या कोणी गेम हाती घेतला तं ठीक, नाही तं सोमवारपासून परत जुनी नोकरी, असं ते जुन्या साहेबाले कबूल करून बसली होती. नोकरीचं नाव काढलं का कारलं चावल्यासारखं तोंड होये तिचं. "ष्टॉलवर दोन माणसं लागते, बाबा. तुमी या," म्हणे. मी गाडी भावाच्या हाती दिली अन् गेलो.

बापा, काय ते प्रदर्शन! आमच्या शेलूबाजारचा अख्खा बाजार त्या हॉलात बसला असता अन् वरून बैल बांधाले जागा उरली असती. एका पडद्यावर एक म्हातारी कंदील घेऊन समुद्राच्या तळाशी बुडालेलं गाव धुंडून राह्यली होती. एका गेममधी मांजर रेल्वेचं स्टेशन सांभाळे, झेंडी दाखवे, उशिरा आलेल्या गाडीवर गुरगुरे. ते मले लय आवडलं. एका ठिकाणी डोळ्यावर डबा बांधून लोक हवेत हात मारत होते. मी बी बांधला, तं थेट डोंगराच्या कड्यावर उभा! असा काही बोंबललो का मागचं पोट्टं चार पावलं मागं सरकलं.

पण एक गोष्ट मले उमजेना. इतल्या गेममधला एकबी बाजारात आलेला नव्हता. जो तो 'येणार' होता. मी पोरीले म्हटलं, "अवं, आपल्याकडे सोयरीक जमल्यावर बँड सांगते. इथं तं पोरगी पाहाच्या आधीच वाजून राह्यला." ते म्हणे, "तसंच असते बाबा. आधी लोकाइच्या डोळ्यात भरावं लागते."

आमचा ष्टॉल संडासाच्या वाटेवर. हॉलातला प्रत्येक माणूस आमच्यासमोरून जाये, पण घाईत. तरी पडद्यावरची जीप पाहून लोक थबकत, बसत. गेम असा का, मंगरूळपीरच्या स्टँडवर गाडी उभी, अन् खेळणाऱ्यानं सवाऱ्या भराच्या. जाड्या मामाले कुठं, लेकुरवाळीले कुठं, कोंबडीवाल्याले कुठं. चुकलं का आतून एखादी बाई शिवी हासडते, ते बी अस्सल वऱ्हाडीत. शब्द समजो न समजो, लोक खदाखदा हसत. मायी छाती फुगून राह्यली होती.

अन् मंग गाडं अडे. गाडी भरत येये, एक सीट राहे, अन् खेळणारा बटन दाबे तं गाडी निघेच ना. पडद्यावरचा डायव्हर नुसता एक बोट वर करे. खेळणारा अजून दोन-चार बटनं दाबे, "हँग हो गया" म्हणे, पोरीकडे कीव आल्यासारखं पाहे अन् उठून जाये.

मले त्याचं काही नवल वाटलं नाही. सीट बाकी आहे तं गाडी कशी निघन? पोरीले बी नाही वाटलं. आमी दोघंही त्याच गाडीत वाढलो. भरल्याशिवाय गाडी निघत नाही, हे कोणाले सांगा लागते हेच आमच्या टाळक्यात आलं नव्हतं. तिकडचे लोक बटन दाबलं का चालू लागणाऱ्या गाड्याइमधले! दुपार झाली तरी शेवटची सवारी बसेपर्यंत एकही माणूस थांबला नाही.

"अवं, वर एक पाटी तं लाव, थांबा म्हणून," मी म्हटलं.

"सांगून ठेवलं तं मजा काय?" पोरगी अडून बसली.

मायं डोकं सटकलं. एक पोट्टा उठून राह्यला होता, त्याचा खांदाच धरला. "अरे बस ना! स्टँडवर असा उठला असता तं जागा गेली असती तुही!" तो हसला अन् बसला. मंग मी सुरूच झालो. पडद्याकडे पाठ केली, कंबरेवर हात ठेवला अन् जो आवाज स्टँडवर लावतो तो लावला, "ए चला मंगरूळ-शेलू, मंगरूळ-शेलूऽऽ! बैठो भैया, बैठो, अभी निकलेगी!" संडासाकडे निघालेले लोक थांबले. दोन खुर्च्याइवर चार जण बसवले मी. "जरा सरका, दम धरा." पोरगी लाजून लाल झाली, पण ष्टॉल भरला.

त्या गर्दीतूनच एक मॅडम आली. गेम काढणाऱ्या कंपनीची. पोरीनं माह्या कानात सांगतलं अन् मी ओरडणं सोडून खुर्ची पुसाले लागलो. मॅडमनं गेम खेळला, हसली, कोंबडीवाल्याले दोनदा उठवून बसवलं. मंग एक सीट राह्यली. मॅडमनं बटन दाबलं. थांबली. घड्याळ पाह्यलं. अन् हिंदीत साफ बोलली, "गेम मस्त आहे, मी घ्याले तयार आहे. फक्त हे थांबणं काढून टाका. गाडी लगेच निघाली पाहिजे."

मी म्हटलं, देव पावला. एवढंच ना!

पोरगी म्हणे, "नाही. ते नाही काढता येत."

"काहून नाही?" मी सगळ्याइसमोर खेकसलो. "एका सीटपायी सोमवारी परत त्या साहेबासमोर उभी राहशीन? निघू दे ना वं गाडी! मी बी काढतो एखादवेळ."

"तुमी नाही काढली कधी," ते म्हणे. "बसा. तुमी खेळा. अन् मॅडम, पाच मिनिटं तुमी बी बसा."

मले तं काही उमजेना. पण तिच्या आवाजापुढं बसलो. सवाऱ्या पटापट बसवल्या, माह्या हातचा मळ होता तो. एक सीट राह्यली, डायव्हरच्या बाजूची. गाडीतले लोक कुरकुर करू लागले. "निघा ना आता गा." "भरली ना गाडी, कोणाची वाट पाहून राह्यले?" डायव्हर बोट वर करून म्हणे, "एक सीट बाकी आहे." मॅडम खुर्चीत चुळबुळ करे. मी बी.

अन् मंग पडद्याच्या कडेनं एक पोरगी पळत आली. निळा स्कर्ट, दोन वेण्या, पाठीवर दप्तर वरखाली हापटून राह्यलं. डायव्हरनं हात लांबवून तिचं दप्तर घेतलं, ते बाजूच्या सीटवर चढली, अन् कोणी बटन न दाबता गाडी चालू झाली.

मी पडद्याकडे पाहातच राह्यलो. मायी पोरगीच ते! तिची शाळा मंगरूळपीरले होती. शाळा सुटेपर्यंत मी गाडी उभी ठेवत होतो. लोक बोंबलत, तं म्हणत होतो, एक सीट बाकी आहे. तिले मात्र म्हणत होतो, "बरी आली, आत्ताच निघून राह्यलो होतो." मले वाटे, तिले काय कळते!

"तुले कोणी सांगतलं वं?" मी विचारलं.

"मांगच्या सीटवरच्या एका मावशीनं. मी पाचवीत होती. म्हणे, तुह्या बापापायी रोज आमचा सैपाक मांगं पडते."

मले रडू आलं. आता त्यात लपवाचं काय? भर हॉलात, लोकाइत बसून रडलो. मॅडमनं पोरीले विचारलं, यायले काय झालं? पोरीनं हिंदीत सारं सांगतलं. मॅडमनं गेम पहिल्यापासून लावला अन् परत खेळाले बसली. आता एक सीट राह्यल्यावर ते हात बांधून थांबली. मागून एक जण म्हणाला, "मॅडम, हँग हो गया." तशी ते वळून त्याच्यावर कडाडली, "चुप! लडकी आ रही है।"

गेम त्याइनं घेतला, थांबण्यासकट. संध्याकाळी स्टेजवरून, येणाऱ्या गेममधले जे उठून दिसले त्यायची नावं वाचून दाखवली, त्यात आमचा बी होता, मांजराच्या स्टेशनासंगं. पण मले ध्यानात राह्यलं ते दुसरंच. ष्टॉलच्या मागं उभी राहून पोरीनं जुन्या साहेबाले फोन लावला. "सर, मी सोमवारी येत नाही," एवढंच म्हणाली, फोन ठेवला अन् माह्याकडे पाहून अशी हसली, का साऱ्या लोकाइसमोर मी तिले उचलून खांद्यावर घेतलं. कंबर धरली चांगली, पण घेतलं.