आमच्यानंतर तिचं कोण?

कुत्रं दत्तक देणारी बाई आधी घर बघायला येणार असं कळलं, आणि आमच्याकडे थेट मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. हिने कांदेपोहे केले. मी इस्त्रीचा शर्ट घातला. मुलीच्या लग्नानंतर बाहेर न निघालेल्या काचेच्या बशा माळ्यावरून उतरल्या. नारायण पेठेतल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये जे जे पुसता येईल ते सगळं पुसून झालं. घर बघायला माणूस येतो तो दुसऱ्या कशासाठी, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

बाई आली ती तडक गॅलरीत गेली. कठड्याच्या गजांमधून हात घालून बघितला. दुपारी घरी कोण असतं, बाहेर फिरवायला कोण नेणार, सगळं विचारलं. पोह्यांकडे ढुंकून बघितलं नाही.

"घ्या हो पोहे," मी म्हटलं. "खाल्ले म्हणून होकार द्यावा लागत नाही."

ती हसली, बशी उचलली आणि म्हणाली, "काका, रागावू नका. पण तुमचं वय काय?"

"सत्तरीला टेकलोय."

"पिल्लू चौदा-पंधरा वर्षं जगतं. तुमच्यानंतर त्याचं कोण?"

रागावू नका म्हटलं की मी हमखास रागावतो. "आम्ही कुत्रं मागतोय, तुमची इस्टेट नाही!"

"अहो," ही म्हणाली. हिच्या 'अहो'चे बरेच अर्थ होतात. हा 'गप्प बसा' असा होता. आमच्यानंतर कोण, तर मुलगी कॅनडात. ती तिथून कुत्र्याचं काय बघणार?

बाईने मग मोबाइलवर एक फोटो दाखवला. तपकिरी कुत्री, तोंडाभोवती पांढरी झालेली. तिला सांभाळणारे आजोबा गेले. मुलं फ्लॅटला कुलूप लावून, कुत्रीला वॉचमनच्या हवाली करून आपापल्या गावी निघून गेली. "हिला कुणी विचारत नाही," बाई म्हणाली. "सगळ्यांना पिल्लूच हवं असतं."

"आणा," ही म्हणाली. मला विचारलंसुद्धा नाही.

कुत्री आली आणि दाराकडे तोंड करून बसली. वाट बघत होती, पण आमची नव्हे. हिचे गुडघे दुखतात, तरी फरशीवर बसकण मारून हिने तिला हाताने दहीभात भरवला. हळूहळू कुत्री पंख्याखाली झोपायला लागली. पुढे मी पेपर वाचायला बसलो की माझ्या पायावर हनुवटी टेकून पडायची. पाय बधिर व्हायचा, पण मी हलायचो नाही. हिला त्याचं फार हसू यायचं.

मग एका सकाळी मला भोवळ आली आणि मी दवाखान्यात भरती झालो. ही माझ्याजवळ. किल्ली वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे दिली. त्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, त्यांची मुलगी हिंजवडीला कामाला. त्या सकाळ-संध्याकाळ खाली येऊन कुत्रीला खायला घालत होत्या.

मी घरी परतलो तेव्हा वरच्या बाई म्हणाल्या, "काका, कशाला तोंड लावलं नाही हो तिने. पाणी तेवढं प्यायली. दाराशीच बसून होती."

तिला वाटलं असणार, पुन्हा तेच झालं. हा माणूसही गेला. मी कपडे न बदलता तिच्याशेजारी फरशीवर बसलो आणि चक्क रडलो. घर बघायला आलेल्या त्या बाईवर मी उगाच उखडलो होतो. तिला माझ्या वयाशी काही घेणंदेणं नव्हतं, मागे राहणाऱ्या जिवाची काळजी होती.

चार दिवसांनी जिना चढून मी वरच्या बाईंना सरळच विचारलं, "आमचं काही झालं तर कुत्रीला घ्याल का?"

त्या म्हणाल्या, "लगेच हो म्हणत नाही. मुलीला विचारते." तोंडदेखलं हो म्हणाल्या असत्या तर मला धीर आला नसता. दुसऱ्या दिवशी मायलेकी दोघी खाली आल्या, कुत्रीजवळ बसल्या आणि हो म्हणाल्या.

तेव्हापासून शनिवारी दुपारी मी तिला वर नेऊन सोडतो. आम्ही असतानाच तिला ते घर आपलं वाटायला हवं. पहिल्यांदा तिने रडून जिना डोक्यावर घेतला. मी बाहेर पायरीवर बसून राहिलो, तर आतून बाई ओरडल्या, "काका, तुम्ही खाली जा बरं! तिला तुमचा वास येतोय."

परवाच्या शनिवारी मी नुसतं दार उघडलं. ती उठली, आपल्या म्हाताऱ्या चालीने एकेक पायरी चढत वर गेली. वळणावर थांबेल, मागे बघेल म्हणून मी वाट पाहिली. तिने बघितलं नाही. वर दार उघडलं, "आलीस का गं?" असं बाईंच्या मुलीचं बोलणं ऐकू आलं आणि दार लागलं.

मी पट्टा हातात घेऊन खाली उभा होतो. फार वाईट वाटलं मला. इतके शनिवार मी याचसाठी तिला वर नेत होतो.