करप्याचा नियम मी गोळीला लावला

आमच्या रावेरकडे केळीवर करपा आला की पानांवर आधी पिवळे, मग तपकिरी पट्टे उमटतात. त्यावर एकच औषध सारखं मारून चालत नाही, रोग त्याला सरावतो. दोन फवारे झाले की औषध बदलायचं. हे मला शाळेनं शिकवलं नाही. शाळा तिसरीतच सुटली. तरी पदवीवाले शेतकरी रोगट पान घेऊन माझ्या ओट्यावर येतात आणि मी ते उलटं करून रोग सांगतो.

माझ्या छातीत गाठ निघाली. फुप्फुसाचा कॅन्सर. आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता, तरी लोकांनी नजरेनं विचारलंच. जळगावच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं की या जातीच्या गाठीला केमोचं सलाईन लागत नाही, रोज एक गोळी पुरे, पण एकही दिवस चुकवायची नाही. तीन महिन्यांत खोकला गेला. सीटी स्कॅनमध्ये गाठ अर्धी दिसली. मी पुन्हा मळ्यात जायला लागलो.

तेव्हाच डॉक्टर बोलता बोलता म्हणाले होते की काही काळानं गाठ या गोळीला जुमानत नाही. माझ्या मनात ते घर करून बसलं. रोज एकच औषध, मग रोग सरावणारच. एवढे शिकलेले लोक, यांना एवढं कळू नये याचं मला नवल वाटलं. मी कुणाला न विचारता ठरवलं, आठ दिवस गोळी घ्यायची, आठ दिवस बंद. सून सकाळी वाटीत गोळी आणून द्यायची. सुटीच्या आठवड्यात ती मी बंडीच्या खिशात टाकायचो आणि मळ्यातल्या ठिबकच्या सामानाच्या डब्यात नेऊन ठेवायचो. पाच महिने असं चाललं. आपण डॉक्टरच्या एक पाऊल पुढं आहोत, असंच मला वाटत होतं.

पुढच्या सीटीत गाठ वाढलेली निघाली. गोळी रोज घेता ना, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, "घेऊ राह्यलो ना." लेक शेजारी बसला होता, त्याच्यासमोर दुसरं काय बोलणार? मग डॉक्टर म्हणाले की गाठ सरावलेली दिसते, ही गोळी थांबवू आणि पुढच्या सोमवारपासून सलाईन सुरू करू.

त्या आठवड्यात नात धुळ्याहून आली. ती तिथं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. गोळी मरायला सांगते तरी कॅन्सरची पेशी मरत का नाही, हे शोधणं हेच तिचं काम. मी विचारलं, तेव्हा तिनं कागदावर काढून दाखवलं. प्रत्येक पेशीत बारक्या पिशव्या असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. पेशीला लागणारी ताकद तिथं तयार होते, आणि पेशीनं मरायचं की नाही हेही बरंचसं तिथंच ठरतं. पिशवीच्या सालीवर काही प्रथिनं साल फोडायला बघतात, दुसरी त्यांना धरून ठेवतात. गोळीनं रोगट पेशीची वाढ तोडली की फोडणारी प्रथिनं उठतात, साल फुटते आणि पेशी मरते. पण काही पेशींत धरून ठेवणारी प्रथिनं भारी पडतात. त्या मरत नाहीत, नुसत्या दबून बसतात. गोळीचा दाब उठला की पुन्हा वाढतात, आणि त्यांच्यातूनच पुढं गोळीला न जुमानणाऱ्या निपजतात. ती धरून ठेवणारी प्रथिनं सैल कशी करायची, हे तिच्या प्रयोगशाळेत शोधतात. पण माझ्या उपयोगी पडेल असं त्यातलं औषध अजून नाही, हेही तिनं सांगितलं.

"सरावू नये म्हणूनच मी सुटी देत होतो," माझ्या तोंडून निघून गेलं.

मग सगळंच सांगितलं, तेही जरा तोऱ्यात. ती रागावली नाही.

"आबा, दोन फवारे झाले की तुम्ही काय करता?"

"औषध बदलतो."

"आणि दुसरं औषध हातात नसलं, तर बाग तशीच सोडता?"

तशी सोडली तर करपा शेंड्याकडच्या पानापर्यंत चढतो. असं करणाऱ्यांना मी बांधावरून शिव्या घातल्या आहेत.

ती म्हणाली, "डॉक्टरांना खरं सांगा. नाहीतर चालणारी गोळी उगाच बंद होईल. मी फोन करू का?"

फोन करायचा नाही, माझं मी बघतो, असं मी तिला सांगितलं. पुढचे चार दिवस लेकाला नाही, सुनेला नाही, कुणाला काही बोललो नाही. नातीनंही वाच्यता केली नाही. जेवताना फक्त माझ्याकडे बघायची.

सोमवारी मी मळ्यातला तो गोळ्यांचा डबा सोबत नेला आणि डॉक्टरांच्या टेबलावर रिकामा केला. लेकानं मान खाली घातली. डॉक्टरांनी एक गोळी उचलून पाहिली.

"हे आधी का नाही सांगितलं, आबा?"

"तुम्ही हसले असते."

"हसलो नसतो. चिडलो असतो."

त्या दिवशी सलाईन लागलं नाही. रोज गोळी घ्यायची आणि दोन महिन्यांनी पुन्हा सीटी, असं ठरलं. एकही दिवस चुकवला नाही. नव्या सीटीत गाठ बरीच उतरलेली दिसली. वरच्या बाजूचा एक ठिपका मात्र तसाच राहिला. डॉक्टरांच्या मते तेवढा भाग गोळीला जुमानत नाही; तिथं रेडिएशनचा शेक द्यायचा आणि गोळी चालू ठेवायची.

तो ठिपका माझ्या सुट्यांमुळं राहिला, की तसाही राहिला असता, हे मी डॉक्टरांना विचारलं, नातीलाही विचारलं. दोघांनी एकच सांगितलं, की हे ठरवता येत नाही. मला ते उत्तर पटलं नाही. नातीला मी अजून फोनवर विचारतो, आणि ती अजून तेच सांगते. शेक पुढच्या आठवड्यात सुरू होईल.