कवळीशिवायच्या जाऊबाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंची कवळी चिक्कीवर मोडली तेव्हा सगळं घर हळहळलं. मी मात्र पेन्सिल शोधत होते. तुकडे हातात घेऊन त्या बेसिनकडे वळेपर्यंत मला त्यांचं बिनदातांचं तोंड दिसलं होतं. गाल आत गेलेले, ओठ आतल्या बाजूला दुमडलेले, हनुवटी नाकाच्या भेटीला निघालेली. थोड्याच वेळात त्या करोनाच्या दिवसांतला मास्क लावून बाहेर आल्या आणि दिवाणावर बसून टीव्ही पाहू लागल्या.

पेठेतल्याच दातांच्या डॉक्टरांनी माप घेतलं. नवी कवळी शुक्रवारी मिळणार होती. म्हणजे शुक्रवारी ते तोंड पुन्हा कुलपात. जाऊबाईंनी दात काढलेलं तोंड हयातीत नवऱ्यालासुद्धा दाखवलं नव्हतं, आणि हे त्या अभिमानाने सांगायच्या. मी ठरवलं, शुक्रवारच्या आत हे तोंड कागदावर आणायचंच.

म्हातारे चेहरे काढायचा नाद मला साठी उलटल्यावर लागला. त्याआधी मी चित्रकार होते! इंटरमीजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळवलेली, लग्नात रुखवतावर स्वतःची चित्रं मांडलेली चित्रकार. त्या बाईची चित्रं अजून माळ्यावर आहेत. चित्रातल्या सगळ्या बायका एकाच आईच्या पोटच्या. तेच बदामी डोळे, तेच चाफेकळी नाक, तीच लांब मान. एकदा तिने सासूबाईंना समोर बसवलं आणि सुनेच्या मर्यादेला जागून त्यांची एकेक सुरकुती रबराने पुसून टाकली. उरला तो उकडून सोललेला बटाटा, वर कुंकू. सासूबाईंनी बराच वेळ पाहून विचारलं, "ही कोण? तुझ्या माहेरची का?" आणि त्या बाईला वाटलं, आपलं कौतुक झालं.

तरुण गालावर पेन्सिलीला कामच नसतं. थोडा उजेड, थोडी सावली, संपलं. म्हाताऱ्या माणसाच्या नुसत्या डोळ्याखालच्या पिशवीत माझी अख्खी दुपार जाते. कपाळावरची आठी ही रेघ नसतेच, तिला एक उजेडाची कड असते आणि एक अंधाराची. रेघ ओढलीत तर चेहरा चिरल्यासारखा दिसतो. सावली हळूहळू चढवलीत तर कातडी जिवंत होते. शिवाय जो माणूस जन्मभर नाक मुरडत आला, त्याचं नाक आता न मुरडताही तसंच राहिलेलं असतं. हा ऐवज मला विशीतल्या पोरीकडे कुठून मिळणार?

जाऊबाई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. मी वर गेले.

"जाऊबाई, मास्क काढा ना थोडा वेळ. चित्र काढते तुमचं."

"का गं, माझ्या फोटोला हार घालायची घाई झालीय?" मास्कआडून शब्द बोबडे येत होते, पण धार शाबूत होती.

"अहो, कुणाला दाखवणार नाही."

"मग काढतेस कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेले. त्यांनी ताट घेतलं, दार लोटून खाल्लं, आणि मास्क लावून रिकामं ताट परत दिलं. तरी मी बुधवारी पुन्हा हजर.

"तुला खरं म्हातारं तोंडच हवंय ना?" त्या म्हणाल्या. "मग तुझं काय कॉलेजात जातंय? आधी ते काढून आण. मला पटलं तर मास्क निघेल."

एवढंच ना! मी आरसा मांडून बसले आणि तासाभरात कागद घेऊन वर गेले. जाऊबाईंनी चष्मा पुसला.

"ही तुझी धाकटी बहीण का?"

खाली येऊन मी नीट पाहिलं. हनुवटीखालची लोंबती कातडी गायब होती, डोळे बदामाच्या वाटेला लागले होते. ती रुखवतवाली बाई माझ्या मनगटात अजून ठाण मांडून बसली होती! चिडून दुसरं चित्र काढलं, प्रत्येक सुरकुती दुप्पट काळी करून. ते पाहून जाऊबाई म्हणाल्या, "या तर आपल्या सासूबाई झाल्या. लाड नकोत तसा रागही नको. फक्त जे आहे ते काढ."

नात म्हणाली, "आजी, फोटो काढून ट्रेस कर ना, सिंपल आहे." तिला म्हटलं, तू क्लासला जा.

गुरुवारी सकाळी आरसा खिडकीपाशी नेला आणि रबर स्वयंपाकघरातल्या डाळीच्या डब्यात टाकून दिलं. पुसायची सोयच नको. एकेक घडी, एकेक डाग, वरच्या ओठावरचे चार राठ केससुद्धा, सगळं घेतलं.

हे तिसरं चित्र जाऊबाईंनी हातात धरलं. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. उठून खुर्ची खिडकीत ओढली आणि कानामागची मास्कची दोरी सोडली.

आधी तोंडावर हात होता. मग तो हळूच मांडीवर आला. बटव्याचं तोंड नाडीने आवळावं तशा बारीक चुण्या ओठांभोवती जमल्या होत्या. मी श्वास रोखून एकेक चुणी उतरवत होते. खाली स्कूटरी हॉर्न वाजवत होत्या, कुकरच्या शिट्या झाल्या, जाऊबाई हलल्या नाहीत.

चित्र झालं. त्यांनी कागद मागून घेतला आणि फार वेळ पाहिला. मग एक बोट स्वतःच्या ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत फिरवलं.

"ही एक राहिली."

"राहिली नाही," मी म्हटलं. "फार खोल आहे हो ती. म्हटलं, जाऊ दे..."

"जाऊ दे? तुला कुणी सांगितलं जाऊ द्यायला?" त्यांनी कागद माझ्या पुढ्यात टाकला. "भर ती."

आणि पुन्हा खुर्चीत टेकून त्यांनी तोंड उजेडाकडे केलं, हनुवटी वर उचलून. समोरच्या इमारतीतली बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने पाहिलं. जाऊबाईंनीही तिला पाहिलं, पण मान वळवली नाही. मी पेन्सिलीला टोक काढलं आणि ती घडी भरायला घेतली.