न सांगितलेला फटका

माझी कॉलेजातली मैत्रीण महिलांच्या जागतिक बँडी स्पर्धेत खेळणार हे कळलं, तेव्हा मी मस्कतमधल्या, दार्सैतच्या घरात वाटाणे सोलत होते. फोनवर अभिनंदन केलं ते तोंडदेखलं. खरं सांगायचं तर माझ्या पोटात दुखायला लागलं.

बँडी म्हणजे बर्फावरची हॉकी, पण फुटबॉलएवढ्या मैदानावर. अकरा-अकरा जणी, पायात स्केट्स आणि खेळायला चेंडू. म्हणजे आमचाच खेळ की! साताऱ्याच्या कॉलेजात मी हॉकीच्या संघात होते आणि ती राखीव. मध्यंतरात आम्हाला लिंबाच्या फोडी वाटायची. लग्न होऊन मी मस्कतला आले आणि माझी जागा तिला मिळाली. आयत्या बिळावर नागोबा! पुढे ती नवऱ्याबरोबर स्वित्झर्लंडला गेली, तिशीत स्केटिंग शिकली आणि आता चाळिशीला टेकलेली ही बाई त्या देशाच्या संघात. माझा नवरा इथून जवळच, बरक्याला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. आमच्या घराचा बर्फाशी संबंध तेवढाच.

महत्त्वाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला.

"अगं, तुझा तो शॉर्ट कॉर्नरचा फटका कसा होता? चेंडू कुठे जाणार ते गोलकीपरला कळायचंच नाही. इथले कॉर्नर जवळजवळ तसेच असतात. उद्या हरलो तर घरी. आणि कॉर्नरवरचा फटका मीच मारायचा असं ठरलंय."

मला सगळं आठवत होतं. गोलकीपरची नजर स्टिकवर असते, म्हणून चेंडू पायाशी येईपर्यंत स्टिक उचलायचीच नाही. खांदा डाव्या खांबाकडे, फटका उजवीकडे. बस, एवढंच. पण ते मी स्वतः शोधलं होतं, मुरुमाच्या मैदानावर गुडघे फोडून घेत. तिला काय म्हणून आयतं द्यायचं?

"काय की गं," मी म्हणाले, "वीस वर्षं झाली, विसरले बघ. ठेवते हां, गॅसवर दूध आहे."

दूध फ्रीजमध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, इथली सुट्टी, सगळे घरात. मुलीने सामना टीव्हीवर लावला.

"आई, शी इज सो फास्ट! तू पण असं खेळत होती?"

"हिच्यापेक्षा बरी."

"मग तोंड का असं केलंयस?" नवरा हसला. "यल्ला, चल, टाळ्या वाजव मैत्रिणीसाठी."

मी दोन टाळ्या वाजवल्या. ती खरंच छान खेळत होती, आणि तेच मला बघवत नव्हतं. पडावी, असंही एकदा मनात आलं.

शेवटच्या मिनिटांत तिचा संघ एका गोलने मागे होता आणि त्यांना कॉर्नर मिळाला. ती जागेवर उभी राहिली. कोपऱ्यातून मारलेला चेंडू अजून वाटेत होता आणि हिने स्टिक खांद्यापर्यंत उचललीसुद्धा. बँडीत गोलकीपरच्या हातात स्टिक नसते. त्या पोरीने आधीच झेप घेऊन चेंडू हाताने अडवला. थोड्या वेळाने शिट्टी वाजली. त्या हरल्या. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी तिचा मेसेज आला. 'काल तुला उगाच त्रास दिला गं. इतक्या वर्षांनी कुणाला आठवणार? पण मी आमच्या सगळ्या मुलींना सांगितलं होतं, हा माझ्या मैत्रिणीचा फटका. तुझं नाव घेऊनच मारला. तुझी लाज घालवली, माफ कर.'

मी दोनदा वाचलं. मग लिहायला घेतलं : 'स्टिक उशिरा उचलायची असते. खांदा डावीकडे...' सगळं लिहून काढलं, अगदी पाय कुठे ठेवायचा तेसुद्धा.

आणि पुसलं. पाठवलं असतं, तर कालही मला ते आठवत होतं हे तिला कळलं असतं.