बेल कोण देणार?

खरं सांगा, बसमधून उतरल्यावर मागे वळून शेवटचं कधी बघितलंत? पाय जमिनीला लागला की तुमचा आणि त्या गाडीचा संबंध संपला. तुमचा संपतो हो. गाडी चालवणाऱ्याचा तिथेच सुरू होतो. पटत नसेल तर या बाईची गोष्ट ऐका.

डेपोत तिला सगळे 'डबल बेल' म्हणतात. नाव टिंगलीतून पडलं, कसं ते येईलच. त्याआधी ती नुसती कंडक्टर होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलत्या गाडीत उभी. घरी येऊन मोजे काढले की पोटऱ्यांवरच्या शिरा सुतळीसारख्या फुगलेल्या. मग ती जमिनीवर आडवी पडून पाय भिंतीला लावायची, आणि सासूबाई कोपऱ्यातून म्हणायच्या, "लाव, लाव. तुझ्या पायांनीच उभी आहे ती भिंत."

काम ऐकायला सोपं. माणसं उतरली, चढली, दार मोकळं झालं की दोरी दोनदा ओढायची. टण टण. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हरनं मागे बघायचं नाही, बेल ऐकायची. तिच्या गाडीवर मामा होता. तो कुणाचाच सख्खा मामा नव्हता, पण साऱ्या डेपोचा मामा. दिवसभरात दोघांचं बोलणं होई ते बेलीतूनच. दोरी कशी ओढली यावरून मामाला कळायचं की आज बाईचे पाय दुखताहेत, का कुणाशी वाजलंय. एकदा तिनं रागाच्या भरात बेल दिली तर पुढच्या थांब्यावर त्यानं मान न वळवता विचारलं होतं, "उतरला का तो गाढव?"

शेवटच्या थांब्यावर मामा चहाला गेला की ती त्याच्या जागेवर बसायची. पायांना विसावा म्हणून, असं सांगायची. खोटं. स्टिअरिंगवर हात ठेवून ती समोरच्या मोठ्या काचेतून बघत बसायची. मागून आयुष्यभर दिसली ती माणसांची डोकी आणि काखा. रस्ता एवढा रुंद आहे हे इथे बसल्यावर कळायचं. ही गाडी आपण चालवावी, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि त्याहून वाईट म्हणजे एखादा म्हणाला असता, चालव मग.

तसं म्हणायची वेळ डेपोच्या साहेबांनीच आणली. तिकिटं आता यंत्र देणार, दार ड्रायव्हर उघडणार, कंडक्टर बंद. ज्यांना जमेल त्यांनी परीक्षा देऊन ड्रायव्हर व्हावं, दोनदा संधी. बाकीच्यांनी गाड्या धुवायला जावं. कंडक्टर पुरुषांना साहेब एकेक करून म्हणाले, "शिका, शिका." हिच्यापाशी आल्यावर म्हणाले, "तुम्हाला धुलाई बरी पडेल, नाही का?" बरी पडेल. दिवसभर पाण्यात उभं राहायला त्या पोटऱ्या साहेबांच्या थोड्याच होत्या.

ती म्हणाली, "मी परीक्षा देते." आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं.

घरी नवऱ्यानं ऐकून घेतलं. तो छापखान्यात पुस्तकबांधणी करायचा, बोटांना कायम खळ चिकटलेली. "जमेल तुला," तो म्हणाला, "पण तू घाबरतेस."

"मग?"

"मग काही नाही. सांगून ठेवलं."

सासूबाई म्हणाल्या, "दुधाच्या पातेल्यावर लक्ष राहत नाही, आणि निघाली गाडीभर माणसं सांभाळायला."

मामानं तिला शिकवलं. दुपारी मागच्या मोकळ्या पटांगणात रिकामी गाडी न्यायची. गिअर, क्लच, वळण, मागे घेणं, सगळं तिच्या हाताला लवकर बसलं. इतकी वर्षं गाडीचा प्रत्येक हिसका तिच्या पायांनी झेललेला होता, गाडी कधी कुरकुरते हे तिला माहीतच होतं. भीती होती, पण हाताखाली दबून होती. मामा मागे कंडक्टरच्या जागी उभा राहून सूचना द्यायचा. "तयार आहेस," एक दिवस तो म्हणाला. दोघांनाही तसंच वाटलं.

परीक्षा घेणारा जुना ड्रायव्हर होता, कमी बोलणारा, पान उलटावं तसं माणसाकडे बघणारा. तो तिच्या शेजारच्या बाकावर बसला. "चला," म्हणाला.

तिनं गिअर टाकला. पाय क्लचवर. आणि ती थांबली.

"चला, बाई."

हात जागेवर, पाय जागेवर, कान मागे लागलेले. पटांगणाच्या कडेला उभे असलेले पुरुष एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले.

"मुहूर्त बघताय का?" त्यांच्यातला एक ओरडला.

त्या बोलण्यानं ती दचकली, क्लचवरचा पाय निसटला, गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. संपलं. उतरताना तिच्या तोंडून जे निघालं ते साऱ्या डेपोनं ऐकलं: "बेल नाही वाजली."

झालं. त्या दिवसापासून डबल बेल. ती कॅन्टीनमध्ये शिरली की कुणीतरी चमचा कपावर दोनदा वाजवायचा. 'बसा बाई, सुटली गाडी.' हसणाऱ्यांतल्या निम्म्यांची स्वतःची परीक्षा अजून व्हायची होती, पण दुसऱ्याच्या फजितीचं हसू फुकट मिळतं, ते कोण सोडतो?

आठवडाभर ती पटांगणाकडे फिरकलीच नाही. एका दुपारी मामा तिला शोधत धुलाईच्या शेडपर्यंत आला. ती तिथे पाण्याच्या नळ्या बघत उभी होती, घर घेण्याआधी माणूस भिंती ठोकून बघतो तशी.

"मामा, तुम्ही मागे उभे राहून काय करत होतात?"

"शिकवत होतो."

"आणि?"

मामा डोकं खाजवायला लागला. मग त्याचा हात हवेतच थांबला. "अरे देवा."

शिकवताना प्रत्येक वेळी, गाडी निघायच्या आधी, मामानं दोरी दोनदा ओढली होती. रिकाम्या गाडीत, रिकाम्या पटांगणात. कंडक्टरच्या जागी उभं राहिल्यावर दोरी ओढायचीच असते म्हणून. ना त्याच्या लक्षात आलं, ना तिच्या. श्वास घेताना कुणाच्या लक्षात येतं?

"मी गाडीला नाही भीत, मामा," ती म्हणाली. "दाराला भिते. दार मोकळं आहे हे आयुष्यभर मी तुम्हाला सांगितलं. आता मला कोण सांगणार? पायरीवर कुणाचा पाय असला आणि मी निघाले तर?"

मामानं समजूत घातली नाही. म्हणाला, "तर वाईट होईल. म्हणून बघायचं. चल."

त्या दिवशी मामा मागे उभा राहिलाच नाही, खाली जाऊन दगडावर बसला. तिला निघता येईना. ती गिअर टाकायची, मग जागेवरून उठून दारापर्यंत जायची, वाकून बघायची, परत येऊन बसायची. तेवढ्यात कुणी आलं असेल तर? पुन्हा उठायची. मामा खालून ओरडला, "अशी चालवशील तर माणसं चालत लवकर पोचतील." ती रडकुंडीला आली, मग हसली, मग दमून तशीच बसून राहिली.

शेवटी त्यांनी दाराकडचा आरसा वळवला. दार, पायरी, मागचं चाक. तिन्ही दिसेपर्यंत. बघायचं, मग बोटातली अंगठी स्टिअरिंगवर दोनदा ठोकायची, मग निघायचं. ठोकल्याशिवाय पाय हलायचाच नाही, त्याला इलाज नव्हता. भीती गेली म्हणाल तर नाही. तिला फक्त बसायला एक जागा करून दिली.

दुसरी परीक्षा. तोच माणूस. यावेळी गाडी बाहेरच्या रस्त्यावर, आणि थांब्यावर उतरायला डेपोतला एक मेकॅनिक बसवलेला. इथे नापास झाली तर धुलाईची नळी हातात, हे तिला ठाऊक होतं. थांबा आला. मेकॅनिक उतरला. मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

"चला," परीक्षक म्हणाला.

ती हलली नाही.

"बाई, चला."

मागचे हॉर्न वाढले.

"पुन्हा अडकलात का?"

"नाही साहेब," ती म्हणाली. आवाज याही वेळी बारीकच होता. "माणूस चाकाशी आहे."

परीक्षक तिच्या बाजूला झुकला आणि त्यानं आरशात बघितलं. मेकॅनिक मागच्या चाकाला लागून खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. त्याला तसं सांगितलं होतं, का तो नेहमीसारखा बेफिकीर होता, हे तिला कधी कळलं नाही. तो सावकाश उठला, फुटपाथवर गेला. तिनं अंगठी ठोकली. टक टक.

"हे काय?"

"कंडक्टर, साहेब."

तो हसला नाही. पुढच्या थांब्यावर तिनं पुन्हा ठोकली. मग म्हणाला, "अंगठी जपा."

आता ती रोज चालवते. पोटऱ्या बऱ्या आहेत, कंबर गेली. बसून करायचं काम म्हणजे सुख, असं बसून न करणाऱ्यालाच वाटतं. संध्याकाळी ती पाय भिंतीला लावत नाही, पालथी पडते, आणि सासूबाई म्हणतात, "भिंत सुटली एकदाची." एका सुट्टीच्या दिवशी नवरा नुसताच तिच्या गाडीत बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आला. उतरताना म्हणाला, "अजून घाबरतेस."

"हो," ती म्हणाली.

प्रत्येक थांब्यावर घाबरते. दार, पायरी, चाक. टक टक. दिवसभर तेच, गाडीभर माणसांसाठी, आणि त्यातलं कुणी मागे बघत नाही. मागे आता दोरी ओढणारं कुणी उभं नाही, हे साहेबांच्या हिशेबात बसलं. तिच्या कंबरेत बसलं.

म्हणून एक मागणं आहे, आणि ते फुकट आहे. यापुढे बसमधून उतरलात की चाकाशी रेंगाळू नका. बाजूला व्हा, आणि दाराकडच्या आरशात दिसेल असा एक हात वर करा. बेल तुम्ही द्या.